दृष्टी दिल्याबद्दल जाहीर आभार

रिक्षा मानपाडा रोडवरून आत वळली आणि मला समोर बाबा दिसले. चांगले मजलाभर उंच. पांढरे केस नीट बसवलेले, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही हात जोडलेले. त्यांच्या शेजारी, त्यांच्याहूनही मोठा, तिथल्या माजी नगरसेवकाचा हसरा चेहरा. वरच्या कडेला गोल चौकटींत त्याच्या पक्षाचे पुढारी आणि खालच्या कडेला तशाच पण लहान चौकटींत कार्यकर्ते. मधोमध लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आजोबांना मिळाली नवी दृष्टी! दृष्टी दिल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार!'

मी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला वाटलं मला तिथेच उतरायचंय, म्हणून त्याने मीटर बंद केलं.

खरं सांगायचं तर बॅनर या प्रकाराचा मला पहिल्यापासून राग आहे. मी ठाण्याला वर्तकनगरात राहते, बाबा डोंबिवली पूर्वेला. दर रविवारी त्यांच्याकडे जायचं म्हणजे वाटेत नको तितकी तोंडं बघावी लागतात. कोणाचा वाढदिवस, कोणाची नियुक्ती, दहावीला पास झालेल्यांचं अभिनंदन, त्यात मुलं टिकलीएवढी आणि अभिनंदन करणारा भलाथोरला. माणूस मेला तरी त्याच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्याचा फोटो मोठा. मी या सगळ्यांकडे बघणंच सोडून दिलं होतं. पण तिथे बापच उभा केल्यावर बघण्यावाचून इलाज नव्हता.

बाबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी कधीपासून मागे लागले होते की ठाण्याला या, माझ्या घराजवळच्या डॉक्टरांकडे करून घेऊ. 'बघू, थंडी जाऊ दे', 'बघू, गणपती होऊ दे' असं त्यांचं चाललं होतं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, आणि आपलं कोणाला काही करावं लागू नये हा त्यांचा जुना हट्ट. त्यामुळे बॅनर पाहून मला पहिल्यांदा आलं ते रडू. मला न सांगता, कोणा परक्याच्या गाडीत बसून, त्यांनी ऑपरेशन करून घेतलं असं वाटलं. जिने चढेपर्यंत त्या रडूचा राग झाला होता.

"निदान एक फोन करायचात," मी दारातूनच सुरू केलं. "मी काय परकी आहे?"

बाबा भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत आले. "काय झालं गं?"

"ऑपरेशन झालं आणि मला चौकातल्या बॅनरवरून कळतंय."

"अगं, झालंय कुठे? पुढच्या आठवड्यात गाडी येणार आहे न्यायला." मग अगदी हौसेने त्यांनी विचारलं, "बॅनर लागला का? कसा आलाय फोटो? मी काल खाली उभा राहून आलो, पण मला नुसतं पांढरं दिसलं."

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

झालं होतं ते असं. साहेबांच्या वाढदिवसानिमित्त जवळच्या हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर भरलं होतं. तपासणीत ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांना एका बाजूला बसवलं, आणि तिथेच खोक्यातले काळे चष्मे काढून एकेकाच्या डोळ्यांवर चढवून फोटो काढले. ऑपरेशनच्या आधीच. ते असंच करतात, हे मला नंतर कळलं. ऑपरेशन झाल्यावर माणसं आपापल्या घरी जातात, मग त्यांना परत कुठे गोळा करायचं? त्यापेक्षा सगळे आयते एका जागी आहेत तोवर फोटो उरकून घेतलेला बरा. बाबांचा चेहरा फोटोत छान येतो असं म्हणून त्यांना एकट्याला पुढे उभं केलं. कार्यकर्ता म्हणाला, "आजोबा, जरा हात जोडा." बाबांनी जोडले.

"आणि तुम्ही जोडलेत?"

"माणूस फुकट एवढं करतोय, त्याला नमस्कार करायला काय जातं?"

या भाबडेपणाला कारण होतं. साहेबांचा फोन यायचा. म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. पाडव्याला, संक्रांतीला, आणि बाबांच्या वाढदिवसाला तर नाव घेऊन. मी एकदा तिथे असताना तो आला होता. 'नमस्कार, मी तुमच्या घरातलाच एक बोलतोय,' अशी सुरुवात. बाबा लगेच खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "नमस्कार साहेब, बरं झालं फोन केलात, आमच्या बिल्डिंगचं पाणी..." आवाज आपला पुढे चाललेलाच. बाबा ओशाळून म्हणाले, "बोला, बोला, आधी तुम्ही बोला." शुभेच्छा संपल्या, फोन बंद झाला. बाबा म्हणाले, घाईत असतील. मी त्यांना सांगितलं की हे रेकॉर्डिंग आहे, हजारो लोकांना जातं. त्यावर ते म्हणाले, "पण मुद्दाम बसून बोलून ठेवलं असेल ना त्यांनी? तेवढं तरी कोण करतं?"

तेवढं तरी कोण करतं, हे मला लागलं. मी रविवारी येते, आठवड्यात दोनदा फोन करते, पण तो फोन ऑफिसातून निघता निघता असतो आणि मीही घाईतच असते.

पुढच्या आठवड्यात गाडी आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. कार्यकर्ता फोनवर म्हणाला की हॉस्पिटलकडून तारीख मिळायचीय. मग म्हणाला की साहेब बाहेरगावी आहेत. महापालिकेची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल असं वातावरण होतं, त्यामुळे साहेब सारखेच बाहेर असायचे आणि बॅनरवर मात्र सारखेच हजर. इकडे अख्खी कॉलनी बाबांचं अभिनंदन करायला लागली. दूधवाला, वाणी, देवळातले पुजारी, सगळे म्हणायचे, "वा, आजोबा, आता मज्जा आहे बुवा." सुरुवातीला बाबा समजावून सांगायचे की अजून व्हायचंय. समोरचा म्हणायचा, "अहो, मग बॅनर कसा लागला?" काही दिवसांनी त्यांनी सांगणं सोडून दिलं.

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बाबा दिसत असल्यासारखं वागायला लागले.

काठी घरात राहिली. शिबिरात मिळालेला काळा चष्मा घालून ते खाली उतरायला लागले. बस आली की आधी शेजारच्याला नंबर विचारायचे, ते बंद झालं. मग चुकीच्या बसमध्ये चढून भलतीकडे उतरायचे आणि मुद्दाम फिरायला गेलो होतो म्हणून सांगायचे. मला हे तुकड्यातुकड्यांनी कळत होतं आणि मी त्यांच्यावर चिडत होते. ते हसून विषय बदलायचे.

एका रविवारी मी लवकर पोचले. बाबा घरी नव्हते, म्हणून बागेतल्या कट्ट्यावर गेले. निवृत्त माणसांचा तिथे रोजचा अड्डा आहे. पूर्वी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं काम बाबांचं असायचं. डोळे गेल्यावर ते दुसऱ्याकडे गेलं होतं. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर मंडळींनी ते पुन्हा बाबांच्या हाती दिलं असणार, कारण मी मागून गेले तेव्हा बाबा पेपर समोर धरून वाचत होते. पाणीकपात, पत्रीपुलावरची वाहतूक, कुठल्याशा मंत्र्याचा दौरा. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. क्षणभर मलाही वाटलं की यांना खरंच दिसायला लागलं. मग मी आणखी जवळ गेले. त्यांनी समोर धरलं होतं ते पेपरचं पहिलं पान होतं आणि ते पानभर जाहिरातीचं होतं. त्यावर एका पुढाऱ्याचा मोठा चेहरा, त्याने राज्यासाठी काय काय केलं त्याच्या चार ओळी, आणि बातमी एकही नाही. बाबा सकाळी टीव्हीवर ऐकलेलं आठवून सांगत होते.

कट्ट्यावरचे सगळे शांतपणे ऐकत होते. त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. म्हणजे त्यांना कळलं होतं.

घरी येताना मी म्हटलं, "बाबा, उद्याच ठाण्याला चला. पुरे झालं हे."

"आता नाही जमणार."

"का?"

"त्या माणसाने चारचौघांत सांगितलंय की केलं म्हणून. मी चारचौघांत हात जोडलेत. आता मी दुसरीकडे जाऊन केलं तर तो खोटा पडेल, आणि त्याच्याबरोबर मीही पडेन."

"तो खोटाच आहे."

"करणार आहे तो. उशीर होतोय इतकंच."

मी नको नको ते बोलले. एका छापील फडक्यासाठी आंधळे होणार का, असंही विचारलं. बाबा रागावले नाहीत, उलट मलाच समजावायला लागले. कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण सही करून ते काम केलं नाही असं कधी झालं नाही म्हणाले. हात जोडणं त्यांच्या लेखी सहीच होती. एवढ्या सरळ माणसाला एवढ्या सहज कोणी कामाला लावलं, याचा मला संताप आला.

त्याच संध्याकाळी मी साहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात गेले. साहेब नव्हते, कार्यकर्ता होता. तिशीचा, अतिशय गोड बोलणारा. त्याने मला चहा दिला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "एकतर ऑपरेशन करा, नाहीतर बॅनर उतरवा."

"मॅडम, उतरवायला काही नाही, पण लोक लगेच विचारतील ना. आजोबांचं बरंवाईट झालं का, डोळा गेला का. उगाच आजोबांनाच त्रास."

"अहो, पण जे झालेलंच नाही त्याचे आभार?"

"काम होणारच आहे ना, मॅडम? मग आभार आधी मानले तर काय बिघडलं? आमच्याकडे रस्त्याचं पण तसंच असतं. आधी बोर्ड लावतो, मग रस्ता होतो." हे तो अगदी मनापासून सांगत होता. त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं.

असाच एक रस्ता बाबांच्याच कॉलनीत होता. काँक्रीटचा करायचा म्हणून एका बाजूने खणून ठेवला होता. बोर्डावर मात्र तो झाला होता. काही दिवसांनी सकाळी बाबा दूध आणायला निघाले, काठीशिवाय, काळा चष्मा लावून, आणि त्या खड्ड्यात गेले. तळमजल्यावरच्या वहिनींनी आवाज ऐकला. त्यांचे मिस्टर रिक्षा चालवतात. त्यांनीच बाबांना उचललं, आपल्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मनगट मोडलं होतं. कपाळाला टाके पडले होते. मी पोचले तेव्हा बाबा खाटेवर बसून, सगळ्यांना त्रास दिला म्हणून माफी मागत होते. वहिनी त्यांना दटावत होत्या, "ऑपरेशननंतर जपायला नको का, काका? नवीन डोळे म्हणजे सवय व्हायला वेळ लागतोच."

बाबा माझ्याकडे बघत होते. म्हणजे मी असेन त्या दिशेला.

मी कोणाला न विचारता त्यांना टॅक्सीत घालून ठाण्याला आणलं. वर्तकनगरात त्यांना कोणी ओळखत नाही, तिथल्या चौकात दुसरीच तोंडं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करताना ते स्वतःच म्हणाले, "इथे केलं तर तिकडे कळायचं कारण नाही, नाही का?" मी म्हटलं, नाही कळणार. मला खरंच त्यांना सांगायचं होतं की कळलं तरी तुमचं काही जात नाही. पण तेवढ्यावर ते परत फिरले असते, म्हणून मी ते सांगितलं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी काढल्यावर त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुझे केस कधी पिकले गं?" मग गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगीतले वाळत घातलेले कपडे रंगांसकट मला वाचून दाखवले. रंगाच्या कारखान्यातला माणूस, नुसतं निळा म्हणून थांबत नव्हता, कुठला निळा ते सांगत होता. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर हसले.

त्यानंतर ते जरा बदलले होते. डोंबिवलीला परत जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "आता मी स्पष्टच सांगणार आहे सगळ्यांना. नसतं ओझं झालं होतं डोक्यावर." मला बरं वाटलं.

मी त्यांना सोडायला गेले तेव्हा चौकातला बॅनर बदलला होता. बाबांच्या जागी आता दुसऱ्या शिबिराची जाहिरात होती. तेच साहेब, तोच हॉल. बिल्डिंगच्या दारातच वहिनी भेटल्या. त्यांनी बाबांचा हात बघितला, डोळे बघितले, फार आनंदल्या.

"किती स्वच्छ झालेत हो, काका. मी आत्ता तिकडेच चाललेय, ह्यांचं नाव द्यायला. ह्यांच्या पण डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. संध्याकाळी समोरच्या गाडीचा लाइट पडला की रिक्षा बाजूला घेऊन थांबतात. डॉक्टर म्हणाले लवकर करा. म्हटलं, काकांचं एवढं छान केलं, तर आपण बाहेर कशाला जायचं?"

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "वहिनी, नका थांबू त्यांच्यासाठी. त्यांनी माझं ऑपरेशन केलंच नाही."

वहिनी हसल्या. "काय काका."

"खरंच सांगतो. नुसता फोटो काढला. कधी बोलावलंच नाही. मी दिसत असल्याचं सोंग करत होतो, म्हणून तर पडलो. हे डोळे मुलीने केलेत, ठाण्याला, आत्ता."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, वय झालेल्या माणसाबद्दल आपण एकमेकींकडे बघतो तसं. "ते चेकअपला नेलं असेल ना तुम्ही?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "ते खरं सांगतायत. मी तुम्हाला ठाण्यातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचा पत्ता देते. तिथे कमी पैशांत होतं. मी स्वतः येते बरोबर."

"ताई, तुम्ही तिकडे राहता, तुम्हाला इथलं नाही माहिती. आम्ही रोज येता-जाता बघितलाय बॅनर. काकांचा एवढा मोठा फोटो होता. ह्यांनी तर मोबाइलमध्ये पण काढून ठेवलाय." मग त्यांनी बाबांच्या दंडावर हात ठेवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "मार लागला ना डोक्याला, काका. होतं असं. आराम करा."

आणि त्या गेल्या. हॉल बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं त्यांना. गेटातून बाहेर पडताना पदर कमरेला खोचून झपाझप चालल्या होत्या.

बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मी पिशवी उचलली आणि त्यांच्याशेजारी बसले. ते गेटाकडेच बघत होते. आता त्यांना तिथपर्यंतचं सगळं दिसत होतं.

"मी समोर उभा राहून सांगत होतो ना गं तिला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो बाबा. समोरच होतात."